बावन्न पानांवर एकच नाव

मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही. तलवाड्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत लॅपटॉप आहे, त्यातला मी सत्तावीस ओळींचा प्रोग्राम. पानाच्या माथ्यावर नाव टाकायचं आणि तळाशी पानाचा क्रमांक, एवढंच माझं काम. त्यालाच हेडर आणि फुटर म्हणतात.

शिवकन्या मॅडमनी मला उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहिलं. त्याआधी त्या एकेका पानावर मथळा टाकत बसत. मान मोडून यायची. मी आलो आणि शंभर पानं डोळ्याचं पातं लवायच्या आत तयार होऊ लागली. केंद्रप्रमुखांनी कौतुक केलं, पण मॅडमचं! मी नुसता चडफडलो. काम झालं की मला फोल्डरात कोंडायचं आणि महिनोन्महिने विसरायचं, अशी इथली रीत.

यंदा दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला निघालेल्या मुलांची हमीपत्रं करायची होती. ते पत्र दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसवून घेतात. बावन्न मुलं, बावन्न पानं, प्रत्येक माथ्यावर वेगळं नाव. पण मला एक खोड आहे. प्रत्येक पानाला ‘आधीचं सोड’ असं बजावलं नाही, तर मी पहिल्याच पानाचं हेडर पुढे चालवतो. मॅडम नेमकी ती ओळ लिहायला विसरल्या. बाहेर ट्रक उभे होते. त्यांनी घाईघाईत शिक्के मारले आणि पत्रं वाटून टाकली.

थोड्या वेळाने ट्रकमधून उतरून छबुबाई धापा टाकत आल्या.

"मॅडम, मला वाचता येत न्हाई. पर आमच्या करिष्मानं भिंतीवर तिचं नाव लिवलंय, ते मी रोज बघते. ह्या कागदावर ते न्हाई."

मॅडमनी पाहिलं. सगळ्या पानांवर पहिल्या मुलाचंच नाव, अभिमन्यू.

"अगं बाई! छबुबाई, ट्रक जाऊ देऊ नका!"

"आमचा थांबिवते की. पर पैला ट्रक गेला बगा. सटवाची पोरगी संस्कृती तेवढी हाय त्यात."

मॅडमनी ती ओळ लिहिली. मी सुसाट धावलो. एक्कावन्न मुलं आपापलं नाव घेऊन गेली.

सटवाचा फोन बंद आहे, मुकादमाचाही. मॅडम तासातासाला लावून बघतात आणि मी इथे तळमळतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या दारात दुसरीतली एखादी मुलगी अभिमन्यूच्या नावाचा कागद घेऊन उभी राहिली, तर हसू नका. तिला परत पाठवू देऊ नका. चूक माझी आहे, तिची नाही. कागद बाजूला ठेवा आणि तिलाच नाव विचारा. ती सांगेल.