बिनगाडीचा संस्थापक

हुमेरानं घातलेलं वाक्य अकरा मिनिटं टिकलं.

वाक्य काही फार मोठं नव्हतं. 'या मंडळाची स्थापना लालमहंमद शेख या मेकॅनिकने १९९३ साली घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात केली.' बस, एवढंच. दुपारची वेळ, तिच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात घोडेगावच्या मोटारसायकल मालकांच्या मंडळाचं, म्हणजे हल्लीच्या ओनर्स क्लबचं, पान आहे. त्यात तिनं ते वाक्य लिहिलं, समोरच्या टपरीवरून चहा आणला, पिऊन परत पाहिलं तर वाक्य गायब. त्या जागी पुन्हा जुनंच: 'संस्थापक: कै. वैजनाथराव शिरोळे'. त्या ज्ञानकोशाची रीतच तशी आहे. कोणीही यावं, लिहावं, कोणीही यावं, खोडावं. फक्त कोणी काय केलं याचा इतिहास मागं राहतो. इतिहासात काढणाऱ्याचं नाव होतं 'ओनर्स क्लब ऑफिशियल' आणि कारण होतं, 'संदर्भ नाही'.

हे ऑफिशियल म्हणजे कोण ते सांगायला ज्योतिषी नको होता. वैजनाथरावांचा मुलगा समर्थ, हायवेवरच्या हॉटेलाचा मालक आणि क्लबचा हल्लीचा अध्यक्ष. हल्लीचा क्लब म्हणजे काळी जॅकेटं, सारख्या बुलेट, झेंडे आणि रविवारी सकाळी गावाची झोपमोड. त्यातला एकही माणूस दुसऱ्याच्या गाडीला बोट लावू देत नाही. लावलं तर रुमालानं पुसतो.

आणि मंडळ निघालं होतं ते नेमकं उलट्या गोष्टीसाठी.

बाजाराच्या दिवशी लांबलांबून व्यापारी राजदूत आणि येझदी मोटारसायकलींवर यायचे. कोणी म्हैस घेतली की तिच्याबरोबर टेम्पोत बसून जायचा, गाडी इथंच राहायची. दुसऱ्या कोणाची गाडी ऐन वेळी बंद पडायची आणि घरी बायको बाळंतपणाला अडलेली असायची. बाजाराच्या फाटकाशी लालमहंमदचं गॅरेज. त्यानं एक फळी घेतली, तिला अठरा खिळे ठोकले आणि गाडीवाल्यांना सांगितलं, प्रत्येकानं आपली जादा किल्ली इथं टांगायची. ज्याचं अडलं त्यानं उभी असेल ती गाडी न्यायची. कोणाची आहे ते विचारायचं नाही. परत आणताना प्लग तेवढा साफ करून आणायचा. किल्ली टांगली तो सभासद. मंडळ म्हणजे ही फळी, दुसरं काही नाही. फळी अजून गॅरेजात आहे. किल्ल्यांच्या पत्र्याच्या बिल्ल्यांवर आकडे ठोकलेत, त्यातले सात-आठ गंजून गळालेत.

हुमेरा त्या फळीखाली वाढली. तिच्या बापाचं नाव खोडून वर 'संदर्भ नाही' म्हणणाऱ्याची तिला चीड आली, आणि चिडली की ती थांबत नाही.

तिनं घरातला फोटो काढला. तरणाबांड लालमहंमद राजदूतवर बसलाय, डोळ्याला गॉगल, मागं बाजारातलं लिंबाचं झाड. हा फोटो तिच्या जन्माआधीपासून भिंतीवर होता. तिची आई शरिफा आल्यागेल्याला सांगायची, "ही यांची राजदूत. हुमेरा झाली त्या साली इकली." हुमेरानं फोटो चढवला, खाली ओळ घातली: 'संस्थापक लालमहंमद शेख आपल्या राजदूतवर'.

या वेळी अकरा मिनिटंही लागली नाहीत. 'गाडीचा नंबर बघा. ही गाडी दुसऱ्याच्या मालकीची आहे. खोटी माहिती.'

ती दुकानाचं शटर ओढून थेट गॅरेजात गेली. समर्थ तिच्या आधीच येऊन बसला होता. बुलेट सावलीत लावलेली, आणि हा स्टुलावर. लालमहंमद एका स्कूटरची क्लच वायर ओवत होता. वय एकसष्ट, पण हात कापत नाही.

"या ताई," समर्थ म्हणाला. "तुमचाच विषय चाललाय. मी चाचांना म्हणलं, तुम्ही आमच्या घरचेच. मी स्वतः तुमचं नाव पानावर घालतो. 'तांत्रिक मार्गदर्शक, लालमहंमद शेख'. फोटो लावून."

"मी गाडीला मार्गदर्शन करीत न्हाई," लालमहंमद मान वर न करता म्हणाला. "दुरुस्त करतो."

"तेच ओ. शब्द जरा चांगला असतो."

"संस्थापक शब्द वाईट आहे का?" हुमेरानं विचारलं.

समर्थ हसला. त्याचं हसणं हॉटेलात गिऱ्हाइकाला बसवताना हसतात तसलं होतं. "ताई, हे ओनर्सचं मंडळ. मालकांचं. ज्याच्याकडं गाडीच न्हवती तो संस्थापक, हे जगाला कसं सांगायचं? पुण्याहून रायडर येतात आपल्याकडं. आणि तो फोटो. ती राजदूत कुणाची, जरा चाचांनाच विचारा."

हुमेरानं बापाकडं पाहिलं.

"गहिनीनाथची," लालमहंमद म्हणाला. "माझ्या नावावर गाडी कधी न्हवतीच."

"मग आई सांगते ते?"

"लगीन ठरवायला तो फोटो पाठवला हुता माझ्या मामानं. तुझ्या आईला मागनं कळलं. पन तिनं गावाला सांगितलं न्हाई. मीबी न्हाई."

समर्थनं बुलेटला किक मारली नाही, बटण दाबलं आणि निघून गेला. जाताना अगदी अदबीनं मान लववली. ती अदब हुमेराला शिवीपेक्षा जास्त लागली. कारण या खेपेला तो खरा होता आणि खोटं तिनं लिहिलं होतं. ज्ञानकोशाच्या इतिहासात तिच्या नावापुढं 'खोटी माहिती' हे आता कायमचं राहणार होतं. ते कोणालाच खोडता येत नाही.

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. हुमेरानं पानाच्या मागचं चर्चेचं पान उघडलं. तिथं 'तटस्थ' नावाच्या एका जुन्या संपादकानं दोघांनाही तंबी दिली होती. कुठला कोण, पण माणूस शिस्तीचा. 'आठवणी चालणार नाहीत. छापील आणि स्वतंत्र संदर्भ द्या. विषयाशी नातं असल्यास जाहीर करा.'

तिनं लिहिलं: 'होय, मी लालमहंमद शेख यांची मुलगी. राजदूत त्यांची नव्हती. चूक माझी आहे आणि ती मी मागे घेते. संस्थापक तेच आहेत, हे मागे घेत नाही. आता ऑफिशियल यांनीही सांगावं, ते कोणाचे कोण.'

ऑफिशियलनं तीन दिवस तोंड उघडलं नाही.

छापील संदर्भ कुठून आणायचा? पेपरात ज्यांची नावं येतात ती लोकं वेगळी असतात. वैजनाथरावांची येझदी, वैजनाथरावांचा सत्कार, वैजनाथरावांच्या हस्ते उद्घाटन, सगळ्यांची कात्रणं समर्थनं पानाखाली ओळीनं लावलेली. ग्रीस लागलेल्या हाताचा सत्कार कोण करतो? हुमेरा गॅरेजात बसून हेच बडबडत होती, तेव्हा गहिनीनाथ आला. म्हशींचा व्यापारी, आता थकलेला, त्या राजदूतचा धनी.

"अगं पोरी, छापून आलं हुतं की," तो म्हणाला. "नेवाशाचं ते साप्ताहिक, 'टोकदार'. आता बंद पडलंय. त्यात आलं हुतं. आमी लई हसलो हुतो. तुझा बाप महिनाभर कुनाशी बोलला न्हाई."

लालमहंमदच्या हातातला पाना थांबला.

"गह्या, गप."

"का गप? छापलेलं हाय."

"अब्बा, तुम्हाला माहीत होतं?"

"ते नको काढू," लालमहंमद म्हणाला. "दुसरं काय बी काढ. ते नको."

दुसरं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी हुमेरा नेवाशाच्या वाचनालयात गेली. तिथल्या ग्रंथपाल पंकजाबाईंनी माळ्यावरून 'टोकदार'चे गठ्ठे काढून दिले, सुतळीनं बांधलेले. "झुरळं निघतील, ओरडू नका," एवढंच म्हणाल्या. दोन तासांनी १९९३च्या गठ्ठ्यात, 'बाजारगप्पा' या सदरात सापडलं. हुमेरानं उभ्यानंच वाचलं.

'बिनगाडीचा संस्थापक. ज्याच्या बुडाखाली स्वतःची सायकल नाही अशा लालमहंमद मिस्त्रीने घोडेगावात मोटारसायकल मालकांचे मंडळ काढले आहे. उद्या बिनबायकोचा माणूस नवऱ्यांचे मंडळ काढेल. अठरा शहाण्यांनी आपल्या जादा किल्ल्या या मिस्त्रीच्या खिळ्याला टांगल्या असून पहिली किल्ली वैजनाथ शिरोळे यांची आहे. मालक पायी आणि मिस्त्री गाडीवर, असा देखावा आता बाजाराच्या दिवशी फुकट पाहावयास मिळेल.'

जगात बापाचं नाव छापून आलेली ही एकच जागा. आणि तिथं त्याची अशी टिंगल. लिहिणारा मेला असेल, पेपर बंद पडला, पण शाई तशीच काळी होती.

तिनं मोबाईलवर फोटो घेतला आणि संध्याकाळी बापासमोर धरला.

"हे लावलं की तुमचं नाव लागतं. पण हे सगळंच लागतं. अर्धं लावता येत नाही. कोणीही उघडून वाचील."

लालमहंमदनं हात पुसले. चष्मा घातला. त्याला वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात. मग तो फळीपाशी जाऊन उभा राहिला.

"बाजारात पोरं बिनगाडी म्हनून हाक मारायची," तो म्हणाला. "ए बिनगाडी, प्लग बघ. ए बिनगाडी, हवा मार. दोन वर्सं. तुझी आई नवी आलेली. तिच्याम्होरं म्हनायचे."



"अन् तीच पोरं अडली की किल्ली मागायला यायची. मी द्यायचो. न्हाई कुनाला म्हनलं न्हाई." त्यानं पहिल्या नंबरचा बिल्ला बोटानं हलवला. "वैजनाथ चांगला हुता. त्यानं पैली टांगली म्हनून बाकीच्यांनी टांगल्या. हे बी लिव्ह."

"लिहिते. पण हे वरचं?"

"खोटं कुठं लिवलंय त्यानं?"

"कुठंच नाही."

"मग लाव. हसनारे तवा बी हसले."

तिनं लावलं. दोनच वाक्यं, दोन्हीखाली 'टोकदार'चा अंक, तारीख, पान. 'मंडळाची स्थापना मेकॅनिक लालमहंमद शेख यांनी केली; पहिली जादा किल्ली वैजनाथ शिरोळे यांनी दिली. संस्थापक शेख यांच्याकडे स्वतःचे वाहन नव्हते, यावरून त्या काळी त्यांची थट्टा झाली.' चर्चेच्या पानावर अंकाचा फोटो चढवला. तटस्थानं रुक्ष उत्तर दिलं: 'संदर्भ ग्राह्य.'

ऑफिशियल सकाळी जागा झाला. त्यानं पहिलं वाक्य ठेवलं आणि दुसरं उडवलं. कारण: 'अप्रस्तुत'. मागोमाग फोन.

"ताई, तुमचं मी ऐकलं. संस्थापक चाचा, मान्य. आमच्या बाबांचं नाव मी स्वतःच्या हातानं खाली घेतलं, मला काय वाटलं असेल बघा. आता ते बिनगाडीचं राहू द्या बाजूला. तुमच्याच बापाची थट्टा हाय ती. तुम्हालाच कसं चालतं?"

"तुमच्या बाबांचं नाव मी काढलं नाही. पहिली किल्ली त्यांची, ते मीच लिहिलं."

"ते वाचलं मी. पण रायडर लोकं वाचतील तर म्हणतील, मालकांचं मंडळ एका बिनगाडीवाल्यानं काढलं. क्लबची अब्रू जाते."

"समर्थभाऊ, तेवढं एकच वाक्य वाचण्यासारखं आहे त्या पानावर," हुमेरा म्हणाली. "ज्याच्याकडे गाडी नव्हती त्याच्यावर अठरा मालकांनी किल्ल्या सोपवल्या. तुमच्या क्लबात आज कोण कोणाला किल्ली देतो, ते सांगा. देत असाल तर मी तेही लिहिते. संदर्भासकट."



"मी परत काढीन," तो म्हणाला.

"काढा. मी परत घालीन. माझं दुकान सकाळी आठला उघडतं आणि समोर कॉम्प्युटरच असतो."

तिनं वाक्य परत घातलं. त्यानं एकदा काढलं. तिनं घातलं. तिसऱ्या वेळी तटस्थ मध्ये पडला: 'संदर्भित मजकूर वगळू नये. ऑफिशियल, हे खाते संस्थेच्या नावाने चालवता येणार नाही.' आणि खातं बंद केलं.

दुपारी लालमहंमद डबा घेऊन दुकानात आला. सहसा तो येत नाही, ग्रीसचे हात दुकानाला लागतील म्हणतो. खुर्चीच्या मागं उभा राहिला. तिनं स्क्रीनवरची अक्षरं मोठी केली. त्यानं ओठ हलवत सगळं पान वाचलं, खालचे संदर्भसुद्धा, आणि मग ती 'बाजारगप्पा'सुद्धा परत एकदा.

"एक चूक हाय," तो म्हणाला.

"कुठली?"

"सायकल न्हवती म्हनतो हा. सायकल हुती माझ्याकडं. हिरवी. पुढं कॅरेज हुतं."

"त्याला संदर्भ नाही, अब्बा."

"गहिनीनाथला इचार. त्यानं पायलीय."

"गहिनीनाथकाका छापील नाहीत."

लालमहंमदला हसू फुटलं, आणि हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यानं डबा काउंटरवर ठेवला. "मला श्रीरामपूरला जायचंय. पिस्टन रिंग आनायचीय." बाहेर गहिनीनाथच्या नातवाची नवी गाडी उभी होती. लालमहंमदनं खिशातून, त्या नातवानं फळीला टांगलेली, पत्र्याचा बिल्ला लावलेली किल्ली काढली, गाडी चालू केली आणि कोणाला न विचारता निघून गेला.