खर्जाबाईचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. खोटं बोलायची मला सवय नाही. थोडं वाढवून सांगायची आहे, तेवढं चालवून घ्या.

माझ्या पोटात अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ती बसवणारी कारागीर बाई श्वास रोखून काम करायची. एकदा तिला शिंक आली, तर तिने ती तीन दिवस लांबणीवर टाकली! या पट्टीमुळे माझा कान फार तिखट. मुंगीने शेजारणीची चहाडी केली तरी मला कळायची. पण कुणी समोर ओरडलं की ती फाटायच्या बेताला यायची.

माझी नेमणूक झाली एका मोठ्या हॉटेलच्या जेवणघरात. तिथे दुपारी जॅझ वाजायचं, आणि त्याहून जोरात काटे-चमचे. नेहमीची गायिका नोकरी सोडून गेली, तेव्हा हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणारी एक मुलगी उभी केली गेली. आवाज इतका खोल, की सगळे तिला खर्जाबाई म्हणत. पियानोवर तिची थोरली बहीण. पहिल्याच दिवशी चमच्यांवर मात करायला खर्जाबाई ओरडली. आवाज फाटला, लोक हसले.

माझी देखभाल करणारे फ्यूजकाका तिला म्हणाले, "पोरी, हा काय बहिरा सासरा आहे? जवळ ये, जरा तिरकी उभी राहा आणि गुपित सांगितल्यासारखं गा."

तिथून आमची शाळा सुरू झाली. ती हळू गायला शिकली. ठेक्याच्या दोन पावलं मागे रेंगाळायला शिकली. मग धुलाईच्या चिठ्ठ्यांमागे स्वतःची गाणी लिहू लागली: एकट्या उरलेल्या मोज्यावर, इस्त्रीच्या वाफेवर, घर सोडून गेलेल्या बापावर. चमचे थांबू लागले. एका गृहस्थाने तर तोंडातलं सूप न गिळता अख्खं गाणं ऐकलं.

एके दिवशी मॅनेजर म्हणाला, "रविवारी रेडिओवाले इथून थेट कार्यक्रम ऐकवणार आहेत. तुझी ती घरगुती रडगाणी नकोत. ओळखीचं, दणदणीत काहीतरी घे. नाहीतर धुलाईखाना मोकळाच आहे."

"गाईन तर माझंच," ती म्हणाली. "आणि याच माईकवर."

"या डब्यावर?"

"डबाच आहे, साहेब. पण फोडणी छान बसते."

रविवार उजाडला. कार्यक्रमाला पाच मिनिटं असताना मॅनेजर माझ्यासमोर आला आणि जगातले सगळे मॅनेजर करतात तेच त्याने केलं. "हॅलो, हॅलो," म्हणाला आणि जोरात फुंकर मारली. माझी पट्टी फाटली. मी मुका झालो.

फ्यूजकाकांनी घाईघाईने नवा चकचकीत माईक लावला आणि मला पियानोच्या पाठीवर ठेवलं.

"हा ओरडणं मजेत झेलतो," मॅनेजर कपाळ पुसत म्हणाला. "आता ते दणदणीतच होऊ दे."

बहिणीने हळूच विचारलं, "काय वाजवू गं?"

"आपलं."

"उद्या इस्त्री हातात येईल."

"येऊ दे ताई. ती कुठे विसरलेय मी?"

ती नव्या माईकसमोर तिरकी उभी राहिली, जवळ सरकली आणि बापावरचं गाणं कुजबुजत सुरू केलं. खरं सांगतो, मला मत्सर वाटला. मॅनेजर लांबून दोन्ही हातांनी "मोठ्याने, मोठ्याने" असं खुणावत होता, जणू विमान उतरवतोय. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि आवाज आणखी खाली नेला. वाढप्यांनी ताटं खाली ठेवली.

सोमवारी मॅनेजरने तिला खरंच धुलाईखान्यात धाडलं. बुधवारी तिथे दाराशी हजार माणसं रांगेत उभी होती, हातात न मळलेल्या चादरी घेऊन! बरं, हजार नाही, सतरा. पण सतरांनाही गाणंच हवं होतं, आणि तिचंच. शनिवारी मॅनेजर स्वतः बोलवायला आला, तोवर ती दुसऱ्या हॉटेलात गात होती. पुढे तिच्या तबकड्या निघाल्या. त्यांत परकी ओळ एकही नाही.

मोडका म्हणून फ्यूजकाकांनी मला तिलाच देऊन टाकलं; मी तिच्या घरी फळीवर असतो. माझी पट्टी आता कुठे मिळत नाही. येणारे विचारतात, "हा बंद पडलेला कशाला ठेवलाय?" ती म्हणते, "तुम्ही बसा, तो राहणार."

मित्रांनो, माझी धूळ पुसा किंवा नका पुसू, मी तक्रार करणार नाही. पण कुणी तुमच्यासमोर हळू बोलत असेल, तर "मोठ्याने बोल" असं त्याला दरडावू नका. खुर्ची उचला आणि जवळ जाऊन बसा.