स्वयंपाकघरातला महादेव

घर बघायला आमचे हे एकटेच गेले. घर घेण्यातलं बायकांना काय कळतं, असं ते तोंडाने म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर होतंच. काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीतलं ते घर ढुंढिराज नावाच्या एका म्हाताऱ्याचं. त्याने आधीच सांगून टाकलं होतं, "जसं आहे तसं घ्या, वेणीमाधवशास्त्री. मागाहून शिकायत चालणार नाही." यांनी भिंती ठोकून पाहिल्या, विहिरीचं पाणी चाखलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चुलीपासून हातभरावर जुनं शिवलिंग दिसलं तेव्हा तर हरखूनच गेले. राणीच्या छापाच्या खरेदीखतावर तिथल्या तिथे सही ठोकून आले.

"शरदिनी, प्रत्यक्ष महादेव आपल्या घरात!"

मीही भक्तीने हात जोडले. आमचं पोट श्राद्धांवर चालायचं. दक्षिणेतून यजमान येत, हे विधी करत आणि मी सोवळ्यात स्वयंपाक रांधत असे. शिंदे घाटाजवळच्या भाड्याच्या खोलीत बिऱ्हाडकरूंची सारखी ये-जा. कुणीतरी शिवायचं, सोवळं मोडायचं आणि चिडलेला यजमान दुसऱ्या उपाध्यायाकडे जायचा. परका पाय पडणार नाही अशी स्वतःची चूल मला हवी होती. त्यासाठी अंगावरचं सोनं मी हसत काढून दिलं.

गुरुवारी राहायला गेलो. सोमवारी पहिलं श्राद्ध होतं. वाईचे दत्तात्रेयराव वडिलांचं श्राद्ध करायला एवढ्या लांबून आले होते. वडे झाले, खीर झाली, आमसुलाची चटणी झाली. पुढच्या खोलीत ब्राह्मण पानांवर बसले. मी भाताचं पातेलं उतरवलं आणि बाहेरचं दार धाडकन उघडलं.

माणसं आत आली. गंगेत बुडी मारून आलेली, निथळत्या धोतरा-लुगड्यांची, हातात लोटे आणि बेलपत्रं. "हर हर महादेव" म्हणत पंगतीच्या मधून सरळ माझ्या स्वयंपाकघरात! कुणी मला विचारलं नाही, कुणी थबकलंही नाही. एकाचं ओलं धोतर वड्यांच्या परातीवरून गेलं. लोट्यातलं पाणी पिंडीवर पडलं आणि तिथून उडून खिरीत. मी पातेलं छातीशी धरून भिंतीला चिकटले.

"अहो, दार लावा!" अखेर मी किंचाळले.

हे दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. बाहेर गल्लीभर रांग होती. काशीतल्या उपाध्यायाने महादेवाच्या यात्रेवर दार लावलं, तर त्याला पुन्हा घाटावर कोण उभं करील?

ब्राह्मण एकेक करून भरल्या पानांवरून उठले. दत्तात्रेयराव मात्र हातात दर्भ घेऊन बसूनच राहिले. मग यांच्याकडे बघून हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, माझे वडील उपाशी गेले."

ते शिव्या देते तर बरं झालं असतं. हे जमिनीकडे बघत होते. "महादेव घरात म्हटल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही गं," एवढंच पुटपुटले. काशीतलं जुनं लिंग म्हणजे त्याची यात्रा असायचीच. पोथ्या पाठ असलेल्या माणसाला एवढं सुचू नये?

चूल हलवावी कुठे, याचा मी तिथल्या तिथे विचार करू लागले. विहीर इथेच, धूर जायचा झरोकाही इथेच. दुसरी खोली म्हणजे तर या यात्रेकरूंची येण्याजाण्याची वाटच. तरी मनात म्हटलं, वर्षातला एक दिवस असेल. तेवढा एक दिवस श्राद्ध घ्यायचं नाही, झालं.

गर्दी ओसरल्यावर एक म्हातारी मागे राहिली होती. पिंडीवरचं बेलपत्र डोळ्यांना लावून माझ्याकडे बघत छान हसली. "नई बहू हो?"

"हां माई. अब अगले बरस आओगी ना?"

"अगले बरस?" तिला माझी कीव आली असावी. "अरे बिटिया, हर सोमवार. और सावन में तो रोज."

ती गेली. मी यांच्याकडे पाहिलं, त्यांनीही ऐकलं होतं. मी विहिरीतून कळशीभर पाणी ओढलं आणि धडधडत्या चुलीत ओतलं.