पट्टी लावून पाहिलीत का?

मी एक जुनी चौकट आहे. दाराची नाही आणि फोटोचीही नाही. मित्रांनो, संगणकावरून काही छापायचे म्हटले की पडद्यावर एक चौकोन उघडतो. प्रिंटर कोणता, प्रती किती, कागद उभा की आडवा, असे तो विचारतो. तोच चौकोन म्हणजे मी. तुम्ही मला पुष्कळदा पाहिले असेल आणि माझे म्हणणे न वाचताच ‘छापा’ या बटणावर टिचकी मारली असेल. आम्हा चौकटींना त्याची सवय आहे.

माझ्या बहुतेक बहिणी तयार कपड्यांसारख्या असतात. त्या संगणकाबरोबरच घरात येतात. कोणताही प्रोग्रॅम त्यांना हाक मारतो, त्या येतात, चार ठरलेले प्रश्न विचारतात आणि निघून जातात. मीही जन्माने तशीच. पण मला आत्याने हाती घेतले आणि अंगाबरहुकूम नवे शिवून दिले.

आत्या म्हणजे जोडे शिवणाऱ्या बूटकाकांची धाकटी बहीण. ती प्रोग्रॅम लिहीत असे. काकांची लेक तिला आत्या म्हणे, म्हणून कारखान्यातले सगळे लोकही तिला आत्याच म्हणू लागले. कारखाना कसला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक बाक, जमिनीलगत टेकवलेला आरसा आणि संगणक. मागच्या खोलीत चामडे, डिंकाचा वास आणि कापायची रापी घेऊन बसलेले बूटकाका. दुकानातला जोडा ज्यांच्या पायाला येत नाही, अशांचे जोडे ते करीत. कोणाचा एक पाय लहान, कोणाचा आत वळलेला, कोणाचा सुजून भोपळा झालेला. काका कोणत्याच पायाला नावे ठेवत नसत.

पाय स्कॅनरच्या काचेवर ठेवला की त्याचे चित्र संगणकात येई. आत्याचा प्रोग्रॅम त्यावरून तळव्याचा खाका काढी. तो खाका कागदावर छापायचा, कापायचा, चामड्यावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रापी फिरवायची, असे काम होते. पहिल्या दिवशी काकांनी स्वतःच्याच पायाचा खाका छापला, त्यावर पाय ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अगं, हा पाय कोणाचा? माझा तर नक्कीच नाही.”

खाका नखाएवढा आखूड आला होता. माझ्या पोटात ‘पानावर बसवा’ अशी एक खूण आधीपासूनच केलेली होती. कागदाच्या चारी कडांना थोडी जागा सोडायची, म्हणून ती खूण चित्राला गुपचूप आक्रसून घेई. पत्र असो, फोटो असो, कोणाचे काही बिघडत नाही. पायाचे मात्र बिघडते.

आत्या हसत म्हणाली, “दादा, ही चौकट म्हणतेय, अंथरूण पाहून पाय पसरा.”

“छान! पण आपला धंदा उलटा आहे बाई. आपण पाय पाहून अंथरूण घालतो.”

या एका वाक्याने माझा जन्म पालटला. आत्याने ‘पानावर बसवा’ ही खूण माझ्यातून मुळासकट काढून टाकली. पाय कागदात मावला नाही तर दोन कागदांवर छापायचे आणि जोडायचे, अशी सोय केली. मग माझ्या तळाशी तिने एक नवा रकाना जोडला. आधी एका चिठोऱ्यावर दहा सेंटिमीटरची एक रेघ छापून येई, आणि मी विचारी, “पट्टी लावून पाहिलीत का? रेघ किती भरली?” तिथे दहा लिहिल्याशिवाय माझे ‘छापा’ बटण जागेच होत नसे. प्रत्येक खाक्याला मी हे विचारी. मला भोचक म्हणा हवे तर, पण मी त्यासाठीच घडले होते.

ते माझे सुखाचे दिवस होते. काका चष्मा कपाळावर सरकवून पट्टी लावत आणि मोठ्याने सांगत, “दहा भरले बरं का, चौकटबाई!” नवा जोडा चावतो असे जग म्हणते, पण बूटकाकांचा जोडा चावत नाही, असे गिऱ्हाइके एकमेकांना सांगत. माझे नाव कोणी घेत नसे. तरी ते ऐकून मला बरे वाटे.

चिमणी याच दिवसांत येऊ लागली. तिचे वडील बस चालवत. तिच्या घोट्याखाली जन्मापासून स्पर्शच नव्हता. लादी गार की तापलेली, खडा टोचला की नाही, तिला काही कळत नसे. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते की रोज संध्याकाळी मोजे काढून पाय नीट पाहायचे. ती वाढत गेली तसे काका तिचे जोडे करत गेले. काकांच्या जोड्यांनी ती घर आणि अंगण चालू लागली होती. आता तिला शाळेची घंटा वाजवायची होती. घंटा मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला टांगलेली होती आणि रोज वेगळ्या मुलाची पाळी येई. चिमणीची पाळी आली की बाई म्हणत, “राहू दे गं, लांब आहे.” असे कितीतरी वेळा झाले होते. “काका, मला घंटेपर्यंत जाणारे जोडे करा,” असे ती बाकावर बसून सांगे.

पुढे आत्याला दूरच्या गावी नोकरी लागली आणि पुढच्या खोलीचा कारभार काकांच्या जावयाकडे आला. माणूस वाईट नव्हता, फक्त भारी घाईचा. माझा प्रश्न पाहिला की तो वैतागे. “आमच्या सासूबाईसुद्धा इतक्या चौकशा करत नाहीत!” म्हणे. आतल्या खोलीत काकाही हसत. नवा संगणक आला तेव्हा त्याने तो बसवणाऱ्याला सांगितले, “ही भोचक बाई नको. साधी चौकट ठेवा, सुटसुटीत.”

मला कोणी पुसून टाकले नाही. मी प्रोग्रॅममध्येच राहिले. फक्त मला हाक मारणे बंद झाले. माझ्या जागी तयार बहीण आली, आणि तिच्या पोटात ‘पानावर बसवा’ ही खूण होतीच. रेघ नाही, पट्टी नाही, प्रश्न नाही. काकांना एवढेच सांगितले गेले की छपाई आता सोपी झाली आहे. त्यांनीही विचारले नाही की सोपी म्हणजे काय. आजही मला त्याचेच सर्वांत वाईट वाटते.

खाके नखाएवढे आखडू लागले. गिऱ्हाइके येऊन म्हणत, “जरा आवळतोय हो.” जावई सांगे, “नवा जोडा आहे, चार दिवस चावणारच. मग होईल सैल.” म्हणच अशी जुनी की सगळ्यांना पटे. लोक जोडा ओला करत, ताणत, कुरकुरत वापरत. मला सारे ऐकू येत होते. पण ज्याला हाक मारत नाहीत त्याने बोलायचे कसे?

मग चिमणीचे जोडे झाले. लाल रंगाचे, घंटेपर्यंत जाणारे. काकांनी स्वतः ते तिच्या पायात चढवले. जरा नेट लावावा लागला, पण चढले.

“कुठे टोचतंय का गं?”

“नाही.”

ती खरेच सांगत होती. ज्याचे जळते त्यालाच कळते म्हणतात. चिमणीला मात्र जळूनही कळणार नव्हते.

तिने घंटा वाजवली. मैदान ओलांडून, कोणाचा हात न धरता ती गेली आणि दोरी अशी ओढली की बाईंनी कानांवर हात ठेवले. त्या संध्याकाळी तिला टाचेवर लाल वळ दिसला. वळ दिसला की जोडे काढून ठेवतात, हे ती जाणून होती. बाबा पाय पाहायला आले तेव्हा ती म्हणाली, “मीच बघितले बाबा, छान आहेत.” दिवसभर बस चालवून थकलेल्या बापाने लेकीचा शब्द मानला. ती पुन्हा गेली, पुन्हा गेली. वळाची जखम झाली, जखम हाडापर्यंत गेली, आणि मोजा रक्ताने चिकटला तेव्हा कुठे घरात कळले.

तिचे वडील जोडे घेऊन कारखान्यात आले. त्यांनी भांडण केले नाही. जोडे बाकावर ठेवून म्हणाले, “काका, एकदा मोजून बघता?”

काकांनी कपाटातून जुनी पट्टी काढली. खाक्यावर लावली, मग संगणकातल्या चित्राच्या मापाशी ताडून पाहिली. खाका नखाएवढा आखूड भरला. जावई म्हणाला, “मला वाटलं, प्रश्न कमी केले की काम लवकर होईल.” काका खाली बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत.

आत्या धावत आली. प्रोग्रॅम उघडून तिने मला शोधले आणि म्हणाली, “अगं, आहेस की तू अजून!” माझी जुनी जागा तिने मला परत दिली. काकांनी चामड्याचे सारे काम बाजूला ठेवून चिमणीसाठी नवा जोडा केला, बरोबर मापाचा. मी विचारले, काकांनी पट्टी लावली, दहा भरले. मात्र या वेळी ते मोठ्याने बोलले नाहीत.

डॉक्टरांनी तो जोडा घालू दिला नाही. पायाचे थोडे हाड काढावे लागले होते, आणि त्या पायावर भार देणे कायमचे बंद झाले.

परवा चिमणी चाकांच्या खुर्चीतून कारखान्यात आली होती. आता ती मोठी झाली आहे. काकांनी तिला संगणकासमोर बसवले, कोणा दुसऱ्याच मुलाचा खाका छापायला. मी उघडले आणि नेहमीचे विचारले. तिने तो प्रश्न अक्षर अक्षर मोठ्याने वाचला.

“काका, ही चौकट तेव्हा कुठे होती?”

“इथेच होती गं,” काका म्हणाले. “आम्हीच तिला गप्प बसवलं होतं.”

चिमणीने खुर्ची संगणकाच्या जवळ सरकवली. मग म्हणाली, “पण घंटा मी वाजवली हं, काका.” तिने पट्टी उचलली, रेघेवर टेकवली, डोळे बारीक करून पाहिले आणि माझ्या रिकाम्या जागेत दहा लिहिले. काका तोंड फिरवून चामड्याचे तुकडे गोळा करू लागले.

मित्रांनो, मला उत्तरे देता येत नाहीत. मला फक्त विचारता येते. तुमच्या घरातही कोणीतरी पुन्हा पुन्हा विचारणारे असेल. पाय दाखव, दार लावलेस का, कुठे दुखतंय का. त्यांचा कंटाळा येईल, हसूही येईल. तरी त्यांना गप्प बसवू नका. आणि कोणी नाही म्हणाले, तरी एकदा मोजा काढून पाहा.