पांढऱ्या कापडावरचा डाग

तळ्याकाठी एक होडी पालथी पडली होती. दुकानातली शेवटची इस्त्री मागच्या सोमवारी विकली गेली होती. म्हणून लेकीने आईवडलांना दोन रात्रींसाठी इथे द्राक्षमळ्यात खोली घेऊन दिली होती. जेवणाच्या टेबलावर पांढरंशुभ्र कापड होतं.

बत्तीस वर्षं दोघांनी मिळून लाँड्री चालवली. आता दुकानच नाही, तर नवऱ्याशी बोलायचं तरी काय, ही धास्ती तिला लागली होती. सकाळपासून तळं छान, हवा छान, वाइन छान, यापलीकडे कुणाचं गाडं सरकत नव्हतं.

तेवढ्यात त्याचा ग्लास लवंडला आणि लाल वाइन कापडभर पसरली.

"अहो, चोळू नका!" ती ओरडली.

"मला शिकवतेस? टिपतोय."

"मीठ घाला. चिमटीने काय घालताय, औषध आहे का?"

वेटर धावत आला. "राहू द्या, लाँड्रीत जाईल."

"कोणाच्या?" दोघांनी एकदमच विचारलं. वेटर बावचळला, आणि तिला हसू आवरेना.

मग काय, बांधच फुटला. कुणाच्या कोटाच्या खिशात सापडलेली कवळीचीसुद्धा गोष्ट निघाली.

"तो न्यायला आलाच नाही," तो म्हणाला.

"आला होता. तुम्ही जेवायला गेला होतात. तोंडावर रुमाल धरून नुसता खुणा करत होता बिचारा."

"आणि हे मला आज सांगतेस?"

तळ्यावरचं ऊन उतरलं तरी दोघं बोलतच होती. डाग बऱ्यापैकी निघाला होता.

मीठदाणी त्याने ग्लास लवंडायच्या आधीच हाताशी ओढून ठेवली होती.