आखूड दोराचा बोया

मित्रांनो, माझ्या ताज्या पिवळ्या रंगावर जाऊ नका. मी एक जुना बोया आहे, समुद्रात तरंगून लाटांची उंची मोजणारा. किनाऱ्यालगत आम्ही सहा भावंडे नांगर टाकून उभी असतो. आमचे आकडे पाहून बंदरावर धोक्याचा बावटा चढवायचा की नाही, ते ठरते. एवढे मोठे काम माझ्याकडे आहे, पण ते सांगताना माझी मान खाली जाते.

माझा जन्म शिरूरजवळच्या एका शेडमध्ये झाला. समुद्र तिथून फार लांब, म्हणून माझी चाचणी निमोण्याकडे, धरणाच्या पाण्यात घेतली. केडगावहून येणाऱ्या फेथताई माझी चाचणी पाहत. नांगराच्या लांब दोरावर मी वाऱ्याने इकडेतिकडे सरकू लागलो, तसे काठावरचे शेतकरी मारुतराव ओरडले, "ओ ताई, दावं आखूड करा त्याचं! माझ्या मोटारीच्या पायपात गुतलं म्हंजी उसाचं पाणी बंद."

"करते आप्पा. खोलीपेक्षा दोन हात जास्त ठेवते, बास?"

"व्हय, बास की. वढाळ गुराला तेवढंच ठेवतो आम्ही."

धरणातल्या चिमुकल्या लाटांत माझे आकडे अचूक आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ताईंनी तेच माप कागदावर कायमचे लिहून टाकले. मी तर फुशारून गेलो होतो. मोठ्या लाटेवर चढायला बोयाला सैल दोर लागतो, हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही.

मग मला समुद्रात आणून त्याच मापाच्या दोराने बांधले. एके दिवशी मोठ्या लाटा आल्या. सैल दोरांवरच्या माझ्या भावंडांनी तीन मीटर कळवले. मला दोर खाली ओढत होता; मी एकच मीटर कळवला. बंदराला सर्वांत जवळ मी, म्हणून माझेच खरे मानले गेले. बावटा चढला नाही. साई नावाचा कोळी होडी घेऊन निघाला आणि ती माझ्यासमोरच उलटली.

तो पोहत आला आणि त्याने मला मिठी मारली. पण प्रत्येक लाटेला दोर मला बुडवी आणि माझ्याबरोबर त्यालाही. शेवटी त्यानेच मला सोडले. तरंगण्यासाठी जन्मलेला मी, मला एका माणसाला वर धरता आले नाही! दुसऱ्या होडीने त्याला उचलले म्हणून तो वाचला, पण लाटांत माझ्यावर आपटून त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला.

मला शिरूरला परत आणले. शेडचे साहेब चौकशीचा अहवाल करताना म्हणाले, "बोया ठीक आहे. समुद्रच खवळला होता, असं लिहून टाका."

फेथताईंनी माझा दोर मोजला. त्यांचा चेहरा उतरला. "न्हाई सर, माप चुकलं. ते मीच लिहिलंय. तसंच लिहा."

त्या धिटाईने मी आणखीच ओशाळलो.

आता मी सैल दोराने त्याच जागी उभा आहे. मित्रांनो, यंत्राला रंग द्याल तो द्या, पण त्याला नीट काम करता येते का, तेही तपासत जा. मला क्षमा मागता येत नाही, फक्त लाटांची उंची सांगता येते. ती मी रोज खरी सांगतो. साई ती ऐकतो, मग स्वतः किनाऱ्यावर येऊन बराच वेळ लाटा बघत उभा राहतो, आणि त्यानंतरच होडी सोडतो.