गराशाची वाट

वामनरावांनी आमची वाट नांगरली, तेव्हा मी काठी घेऊन निघालो होतो आणि मला अडवलं ते माझ्याच बापानं. त्या दिवशी त्याचा फार राग आला होता. आज मात्र कोणी विचारलं, तू कोणाचा, तर मान ताठ करून सांगतो, भावसिंग नायकाचा.

१९५८ सालची गोष्ट. बोरी अरबपासून दोन कोसांवर आमचा बंजाऱ्यांचा तांडा, बा त्याचा नायक, म्हणजे प्रमुख. बाजाराची गाडीवाट वामनरावांच्या शेतातून जायची. त्यांचे वडील नानाजी होते तोवर त्या वाटेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. नानाजी गेले आणि पुढच्याच मृगात वामनरावांनी वाटेवर नांगर फिरवला, वर पराटी, म्हणजे कपाशी, पेरली, दोन्ही तोंडांना बोरीच्या काट्या लावल्या. दुसरा रस्ता नाल्यातून, दोन कोसांच्या फेऱ्याचा. पावसाळ्यात नाला भरला की तांडा कोंडला. त्या साली सर्पदंश झालेल्या बाईला बाजेवर घालून नाल्याच्या काठी दिवसभर बसावं लागलं. ती वाचली, पण माझं डोकं फिरलं.

"बैलं घालतो त्याच्या पराटीत," मी म्हटलं.

"उभ्या पिकात बैल घालणारा माहा पोरगा नाही," बा म्हणाला. "पिकानं काय केलं तुझं? अर्ज लिही."

मी सातवी शिकलेलो, तांड्यात तेवढाच लिहिणारा. अर्ज लिहिला, दारव्ह्याला नेऊन दिला. दसऱ्यानंतर नायब तहसीलदार मोक्यावर आले. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, लिंबाखाली बाज टाकली होती, तिच्यावर बसले. इकडे तांडा, तिकडे वामनराव आणि त्यांचे चार गडी.

वहिवाट म्हणजे काय, हे मी त्या बाजेसमोर शिकलो. साहेब सावकाश बोलायचे. "वीस वर्षं, उघडपणे, कोणी न अडवता आणि कोणाची परवानगी न मागता वापरलेली वाट असेल, तर तो हक्क झाला. तिच्यावर नांगर घातला तर ते अतिक्रमण. पण परवानगी मागून वापरली असेल, तर शंभर वर्षं वापरली तरी ती मेहरबानी. मालकाची मर्जी फिरली की बंद."

वामनरावांचा चेहरा खुलला. "मंग झालंच साहेब! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नायक दरसाली याच वाटेवर येत होते. नारळ फोडत, हात जोडून वाट मागत. बाबा म्हणत, जा बाप्पा. म्या दुरून माह्या डोयानं पाह्यलं. पुसा त्याइले."

साहेबांनी माझ्या बापाकडे पाहिलं. "नायक, खरं आहे?"

नाही म्हणायला काय लागत होतं? नानाजी साक्ष द्यायला थोडेच येणार होते! पण माझा बाप म्हणाला, "हो साहेब. मागत होतो. यंदा पोळ्याले काट्याइच्या बाहेर उभं राहून मागतली."

"बा, काय बोलून राह्यला तू!" मी ओरडलो. तांड्यातल्या बाया कपाळाला हात लावून बसल्या. लेखनिकानं पेन दौतीत बुडवला.

नायब साहेब मात्र घाई करणारे नव्हते. त्यांनी विचारलं, "वाट मागत होता, ती कोणाला?"

"गराशाले," बा म्हणाला.

कोणालाच काही कळेना. मग बा सांगू लागला. "माह्या आज्याची लदेणी होती साहेब. बैलाइच्या पाठीवर इकडून कापूस न्यायचा, तिकडून मीठ आणायचं. दोनशे बैलं. सगळ्याइच्या पुढं गराशा. तो देवाले सोडलेला बैल. त्याच्या पाठीवर कधी गोणी नाही, गळ्यात फक्त घाट, मोठी घंटा. तो चाले तेच वाट आन् तो बसे तोच मुक्काम. हे शेत तवा पडीत होतं. एका सालाले गराशा इथं बसला तो उठलाच नाही. वाटेच्या कडेले त्याले गाडला, वर दगड रोवला आन् आज्यानं तांडा इथंच वसवला. त्याच्या जवळून आमच्या गाड्या जातात, त्याले इचारल्याबिगर कसं जावं? नारळ त्याचा. वाट त्याले मागतो."

"आणि नानाजी?"

"ते बाजूले उभे राहात. भला माणूस. अर्धा नारळ त्याइले देत होतो. जा बाप्पा म्हणत. मले वाटे, शेजारी आहे, आशीर्वाद देऊन राह्यला."

साहेब हसले. वामनराव चिडले. "बैलाची परवानगी! कुठं आहे तो बैल? माह्या शेतात तं दगडही नाही."

दगड होता. मृगात नांगराला लागला म्हणून त्यांच्याच गड्यानं नाल्यात लोटला होता. पण ते सिद्ध कोण करणार? गाडलेल्याला उकरायचं नसतं, म्हणून बा खोदा म्हणणार नव्हता, हे मला ठाऊक होतं.

तेव्हा माझी याडी, म्हणजे आई, धुरपताबाई उठली. चाळीस वर्षं त्या दगडाला तेल-शेंदूर तिनंच लावला होता. डोक्यावर पाण्याची घागर असावी तशी सरळ, लिंबापासून पराटीच्या तासातून ती चालत गेली, थांबली आणि पायाच्या अंगठ्यानं माती दाबली.

"इथं खोद, देवसिंग."

"धुरपता, नको," बा म्हणाला.

"त्यानं जित्तेपणी वाट दाखवली," याडी म्हणाली. "आज आखीन एक डाव दाखवू द्या."

बा बाजूला सरला. मी सब्बल घेतली. पराटीच्या झाडांना धक्का न लावता खोदणं काही सोपं नव्हतं. हातभर गेलो, काही नाही. लोक चुळबुळ करू लागले, वामनरावांचा एक गडी फिदीफिदी हसला. मी आणखी वीतभर गेलो आणि सब्बल वाजली. मग हातांनीच माती काढली. आधी पितळेच्या दोन शेंब्या निघाल्या, शिंगांवरच्या, हिरव्या पडलेल्या. मग कवटी. तिच्याखाली घाट. मी तो उचलला, आतली माती गळाली आणि लोलक हलला. बद्द आवाज झाला, पण झाला.

बानं पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. दोनशे बैलांच्या पुढं चालणारा तो, आणि आम्ही त्याच्या मागचे.

वामनराव खड्ड्याजवळ आले, वाकून पाहू लागले. "बाबानं मले कधी सांगितलं नाही," ते हळूच म्हणाले. माणूस खोटा नव्हता, हे तेव्हा मलाही मान्य करावं लागलं.

साहेबांनी निकाल तिथंच सांगितला. वाट शेताच्या आधीची, मालकाकडे परवानगी कधी मागितलेली नाही, हक्क तांड्याचा. अतिक्रमण आठ दिवसांत काढावं, वाटेतली पराटी उपटावी.

बोंडं नुकतीच फुटू लागली होती. वामनरावांचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण बा पुढं झाला.

"साहेब, नाला आता आटला. होळीवरी आम्ही फेऱ्यानं जाऊ. त्याइची वेचणी होऊ द्या."

"नायक, विचार करा. पीक राहू दिलं, तर उद्या हे म्हणतील इथं वाटच नाही."

"कसं म्हणतीन? तुम्हीच तं आत्ता सांगतलं, परवानगीनं हक्क होत नाही. मंग लिहा, आमची परवानगी हाय."

साहेबांनी लेखनिकाला एकेक शब्द सांगितला. "वामनराव यांचे पीक सदर वाटेत होळीपर्यंत तांड्याच्या परवानगीने उभे राहील." बानं ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यानं पागोटं उचलून डोक्याला बांधलं.

घाट परत गराशाजवळ ठेवला, माती लोटली. याडीनं नारळ आणला होता. बानं तो फोडला, अर्धा वामनरावांच्या हातावर ठेवला आणि बाजूला, जिथं नानाजी उभे राहायचे तिथं जाऊन उभा राहिला. वामनरावांनी त्या मातीपुढं हात जोडले.

"जा बाप्पा," माझा बाप म्हणाला.